काढ्या की फेक्या

१२ ऑगस्ट २००६, शनिवार. रेडमंड

वॉल्टनं आज विचारलं, "गुरू, इजेक्टर बसवू की एक्स्ट्रॅक्टर?" मी म्हटलं, एक्स्ट्रॅक्टर. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली आणि म्हणाला, "घाई नाही. विचार कर." तीस वर्षं विमानाच्या भागांची ड्रॉइंग्ज काढणाऱ्या माणसाला हा डुवॉलचा बंदूकवाला विचार कर म्हणतो. ही वही खरं तर शिकारीच्या नोंदींसाठी घेतली होती. पण घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं, म्हणून राग आधी इथे उतरवतो.

तो जी नवी रायफल करतोय ती एकगोळी. एका वेळी एकच काडतूस बसतं. खालचा दांडा ओढला की ठोकळा खाली जातो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. गोळी झाडल्यावर आत पितळेची रिकामी पुंगळी उरते. एक्स्ट्रॅक्टर ती अर्धा इंच मागे सरकवतो, बाकी आपण चिमटीत धरून काढायची. इजेक्टरला स्प्रिंग असते, दांडा ओढला की पुंगळी आपोआप खांद्यावरून मागे उडते. नंदूच्या डोक्यात ही दोन नावं कायम उलटसुलट होतात, म्हणून मी मराठीत बारसं केलं. एक काढ्या, एक फेक्या.

नंदू दरवर्षी माझ्याबरोबर शिकारीला येतो. बंदूक धरत नाही, गाडी चालवतो, मांस कापायला मदत करतो आणि तोंड चालवतो. नागपूरचा आहे. फेक्या ऐकून म्हणाला, "भाऊ, बंदुकीवर फेक्या कशाला, बंदूकवालाच फेक्या आहे ना." कारण मंडळाच्या पिकनिकला मी 'एक गोळी, एक हरीण' असं सांगत आलोय. सांगत आलोय कारण ते खरं होतं. गेल्या वर्षीपर्यंत.

मला काढ्याच हवा. कॉलेजात एन.सी.सी.त फायरिंग संपलं की प्रत्येकानं आपली पुंगळी उस्तादांना हातात धरून दाखवायची. एक कमी भरली की सगळी तुकडी गवतात रांगायची. तेव्हापासून पुंगळी जमिनीवर पडली की मला भरलं ताट लवंडल्यासारखं होतं. आणि दुसरं, फेक्या घेणारा माणूस घरूनच दुसऱ्या गोळीची तयारी करून निघतो. मी पहिल्या गोळीचा माणूस आहे.

आता गेल्या ऑक्टोबरचंही लिहितो, नाहीतर ही वही लबाड ठरेल. ओकानोगनच्या उतारावर नर उभा होता, शंभर यार्डांवर. गोळी मागे लागली, पोटात. तो बसला, उठला. दुसरी घालायची तर जुन्या रायफलमधली पुंगळी निघेना, चिमटीतून सुटत राहिली. तेवढ्यात तो झाडीत गेला. मी आणि नंदूनं दीड दिवस रक्ताचे थेंब शोधले, मग पाऊस आला. त्या रायफलचं चेंबर खडबडीत झालं होतं. दोष चेंबरचा, म्हणून तर ही नवी.

शरयूला घरी येऊन खरं सांगितलं. ती पुण्याची, शाकाहारी. अठ्ठावीस वर्षं माझं मांस गॅरेजच्या फ्रीजमध्ये आणि माझी कढई वेगळी, पण शिकार सोडा असं कधी म्हणाली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "मारून खाता, ते मला कळलं नाही तरी चालतं. तडफडत ठेवून येता, ते नाही चालणार." मी शब्द दिला. पुन्हा एक जरी जनावर जखमी होऊन सुटलं तर सगळ्या बंदुका विकेन. बंदूक सोडायची माझी तयारी नाही. म्हणजे यंदा जनावर सुटता कामा नये, एवढा साधा हिशेब आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

शरयू दुकानातून परत आली ती फणफणत. यादी मी लिहिली होती. "अहो, हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग? पुढच्या वेळी सोबत भिंग द्या." ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं असतं, पुढे बारीक बारीक होत जातं म्हणे. माझं अक्षर! ऑफिसात नव्या पोरांना माझी ड्रॉइंग्ज दाखवून सांगतात की लेटरिंग असं करायचं.

हे जेल पेन कागदाला चिकटतं. बदललं पाहिजे. मी असं म्हणालो तर ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." वर लिहिलेलं आत्ता वाचून पाहिलं, दोन ठिकाणी मलाही लागलं नाही. पेनच.

१९ ऑगस्ट, शनिवार

रेंजवर. वॉल्टनं काढ्या बसवलेली स्वतःची एक रायफल दिली आणि स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहिला. एक गोळी झाडायची, पुंगळी काढायची, नवी घालायची, पुन्हा झाडायची. नेम असा की सगळी भोकं चहाच्या बशीखाली झाकली जातील. वेळ मात्र सव्वीस सेकंद. दुसऱ्यांदा एकोणतीस.

वॉल्टनं मग रायफल नंदूला दिली. त्या गाढवानं जन्मात पहिल्यांदा बंदूक धरली आणि आठ सेकंदांत काम केलं. त्याच्या गोळ्या कुठे गेल्या ते परमेश्वराला ठाऊक, पण आठ सेकंद.

वॉल्टनं विचारलं, "बोटं दुखतात?" नाही. "बधिर होतात?" नाही. मग काय होतं? मी म्हटलं, थंडी आहे. ऑगस्ट महिना, आम्ही तिघंही हाफ शर्टात. निघताना वॉल्टनं मला सरावासाठी सहा खोटी काडतुसं दिली, दारू नसलेली. मुलाला खेळणं द्यावं तशी दिली, याचा राग आला. पण घेतली.

२१ ऑगस्ट, सोमवार

लाकडी ठोकळ्याला भोकं पाडली, त्यांत काडतुसं बसवली आणि जेवणाच्या टेबलावर सराव सुरू केला. चिमटीत धर, काढ, घाल. शंभर वेळा केलं, त्यातल्या एकतीस वेळा सुटली. शरयू समोर बसून भाजी निवडत होती. मधेच म्हणाली, "टोक पुढे असतं का हो ते?" म्हटलं, हो. पुन्हा भाजीत गुंतली.

नंतर टीव्ही बघत बसलो. तर म्हणते, "कुणाचा जप चाललाय?" खाली पाहिलं तर उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपला आपण फिरतोय. जपमाळेचे मणी ओढावेत तसा. मी हात मांडीखाली घेतला. एवढी चिमटी मारली की बोटं आखडणारच.

२७ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

आज माझं डोकं फिरलेलं आहे.

आमच्याकडे मोदकाच्या कळ्या मी पाडतो. लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी परीक्षा घेतली होती, तेव्हा एकवीस कळ्यांचा मोदक त्यांच्यापुढे ठेवला होता. तेव्हापासून उकड आणि सारण शरयूचं, वळणं माझं. आज तिसऱ्याच मोदकाला कळ्या उभ्या राहिनात. चिमटा घेतला की पारी फाटते. मी म्हटलं, पिठी जुनी आहे. शरयू म्हणाली, गेल्या आठवड्यात सुचित्राकाकूंनी भारतातून आणलीय. ज्ञानदा पोर्टलंडहून खास आली होती. ताटात बघून म्हणाली, "बाबा, दे लुक लाइक डंपलिंग्ज." शेवटी तिनं उरलेले साच्यातून काढले. साचा! माझ्या घरात!

घरभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास सुटलाय असं सगळे म्हणत होते. मला काही आला नाही. सर्दी होणार बहुतेक.

आरतीनंतर सुचित्राकाकू माझ्या हाताकडे बघत बसल्या होत्या. पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत, मंडळातल्या सगळ्यांच्या काकू. म्हणाल्या, "गुरुदत्त, नास्तिक म्हणवायचास ना? जप सुरू केलास, फार बरं झालं. माळेशिवाय करतोस, ते तर अजून अवघड." मी आयुष्यात देवळात उभा राहिलो ते फक्त बायकोच्या चपला सांभाळायला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो काकू, सहज आपलं." त्यांनी पाठीवरून हात फिरवला. असं का म्हणालो ते मला अजून कळत नाही.

रात्री निघताना ज्ञानदानं कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. "यू आर नॉट स्मायलिंग इन एनी ऑफ दीज." मी हसत होतो. मला आठवतंय, मी हसत होतो.

२ सप्टेंबर, शनिवार

वॉल्टला जाऊन सांगितलं, एक्स्ट्रॅक्टर. अखेरचं. पाड नळीत त्याची खाच. "एकदा पाडली की पाडली," तो म्हणाला. ठाऊक आहे मला, म्हटलं.

परत येताना नंदू गाडीत सुरू झाला. "भाऊ, फेक्या घ्या ना. काहून जीव खाता? गेल्या वर्षीचं विसरले काय?" मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागलो. नंदू मागून बैलगाडीच्या वेगानं येत राहिला. अर्ध्या मैलावर काच खाली करून म्हणाला, "एक सांगू? चालताना तुमचा उजवा हात हलतच नाही. खिशात घातल्यावानी राहतो." मी मुद्दाम हात हलवत चाललो. हात हलवायची आठवण ठेवावी लागते हे मात्र जरा विचित्र वाटलं. शेवटी पाय ओढायला लागला म्हणून गाडीत बसलो. बूट जड आहेत.

ऑफिसातल्या कुमारनंही परवा हाताचं विचारलं होतं. त्याला मीच आपणहून सांगितलं, जप करतो. आता खोटं मुद्दाम बोलायला लागलोय. सोयीचं पडतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या पाठीमागे कट झाला. ज्ञानदानं बेलव्ह्यूच्या न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. शरयूला आधीच माहीत होतं, नंदूलाही. गुरुवारी जायचं. मी म्हटलं, कॅन्सल करा. शरयू म्हणाली, "मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय." हिचा हा आवाज मी अठ्ठावीस वर्षांत दोनदा ऐकलाय. जाईन. काही निघणार नाही, आणि निघालं नाही म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील.

१४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरीण बाई तरुण. मला चालायला लावलं, बोटांनी टकटक करायला लावली, एक वाक्य लिहून घेतलं, गोल गोल आवर्त काढून घेतलं. मग मांडीवरच्या माझ्या हाताकडे बघत राहिली. मी म्हटलं, "दॅट इज चँटिंग."

तिनं अगदी आदरानं विचारलं, कशाचा जप करता?

मला एक नाव सुचेना. राम, कृष्ण, गणपती, तेहतीस कोटींतला एक कुणी आठवेना. शरयू शेजारून हळूच म्हणाली, "ही डज नॉट चँट."

पार्किन्सन्स. अक्षर, वास, चेहरा, हात, पाय, सगळं त्यातलंच. हळूहळू वाढतो, औषधानं बराच आवरतो, जात नाही. मी विचारलं, चूक असू शकते का? म्हणाली, सेकंड ओपिनियन जरूर घ्या. पण असं म्हणताना ती शरयूकडे बघत होती.

मी सांगितलं, बंदूक हातात घेतली की थरथर थांबते. म्हणाली, खरंय, ती विश्रांतीतली थरथर असते, काम करताना बहुतेकदा थांबते. मी शरयूकडे विजयी मुद्रेनं बघितलं. त्यावर बाई म्हणाली, अडचण बारीक कामांची येईल, बटणं, पेन, नाणी उचलणं. काडतूस तिच्या यादीत नव्हतं.

गाडीत शरयूनं पुण्याला बहिणीला फोन लावला. तिला म्हणाली, कंपवात. इंग्रजी नाव ऐकताना मी गप्प होतो. हे ऐकल्यावर रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत रडलो आणि ती फोनवर बोलत राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, "आता बंदूक बंद." मी म्हटलं, शब्द जखमी जनावराचा दिला होता, आजाराचा नव्हता. "शब्दांत काय पकडता?" शब्दच दिला होता, मग शब्दातच पकडणार. तासभर भांडलो. मी म्हणालो की उद्या हा रोग माझ्या हातून काय काय काढून घेणार आहे ते त्याचं तो ठरवेल, मी आपणहून एक वस्तू काढून देणार नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. मग मीही येणार. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे काय व्हायचंय ते." ही बाई, जी कोळंबीचा फोटो बघून तोंड फिरवते.

१६ सप्टेंबर, शनिवार

शरयू म्हणाली, "पितृपक्ष चाललाय, आत्ता तरी त्या बंदुकीचं नाव काढू नका." म्हटलं, माझे पितर मटण खाणारे होते, काही म्हणायचे नाहीत. गेलो डुवॉलला.

रस्ताभर वाक्य जुळवत होतो आणि दुकानात शिरल्याबरोबर तोंडातून निघालं, "फेक्या बसव." वॉल्ट म्हणाला, "व्हॉट?" मला हसू आलं. मग इंग्रजीत सांगितलं, इजेक्टर. खाच पाडली असशील तर नवी नळी घे.

"पाडली नाही अजून," वॉल्ट म्हणाला. "मशीन बिघडलं होतं." मशीन त्याच्या मागे सुरू होतं, त्यावर दुसऱ्या कुणाची तरी नळी फिरत होती. मी त्याला हाताचं सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि या वेळी बराच वेळ घातली नाही.

नंदूला वाटेल मी हार मानली. वाटू दे. हार मानणारा बंदूक विकतो, तिला स्प्रिंग घालून घेत नाही. उस्ताद असते तर एका पुंगळीसाठी मला उन्हात उभं केलं असतं. उभा राहिलो असतो, पण फेक्याच घेतला असता.

७ ऑक्टोबर, शनिवार

रायफल हातात आली. अक्रोडाचा दस्ता, नळीला निळसर काळी झाक. दांडा ओढला की खण्ण होऊन पुंगळी उडते. पहिलीच मागे उभ्या नंदूच्या कपाळाला लागली. त्याचा चेहरा बघून बरं वाटलं.

औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले. अक्षर जरा मोठं आलंय, शरयूनं आज यादी एका दमात वाचली. मोदक मात्र आता पुढच्या वर्षी.

वेळ सतरा सेकंद. पुंगळी काढायला आता काहीच लागत नाही, निमिषात जाते. नवी गोळी खिशातून काढून आत घालायला जो वेळ लागतो तो लागतो, तो सगळ्यांनाच लागतो. वॉल्ट म्हणाला, "ती पहिलीच नीट मार, गुरू." हे तो गेली सहा वर्षं म्हणतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार. विन्थ्रॉप

डोंगर ओलांडून आलो. नंदू चालवत होता, शरयू पुढे, मी मागे बंदुकीशेजारी. शरयूनं थर्मास, चकल्या, दोन ब्लँकेटं आणि माझ्या गोळ्यांची डबी घेतलीय. औषधाच्या गोळ्यांची. नंदूनं विचारलं, "वहिनी, कोणत्या गोळ्या कोणाकडे आहेत नीट सांगा, नाहीतर भाऊ सकाळी भलतीच गिळतील." ती हसली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा.

उद्या पहिला दिवस. मनात भीती आहे. नेमाची नाही. तिच्यासमोर काही झालं तर, याची आहे. सुटलं तर बंदुका जाणार, शब्द पाळावाच लागेल. त्यानंतर सकाळी उठून मी काय काय सोडत जाईन, ते मला आज लिहायचं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल काही दिसलं नाही. आज दिसलं. झालं तसं लिहितो.

साडेआठला तिघं उताराच्या कडेला बसलो होतो. मी तिकाटण्यावर रायफल टेकवून, शरयू माझ्या डाव्या हाताला नारिंगी जाकीट घालून, नंदू दुर्बीण घेऊन पन्नास पावलं वर. समोरच्या उतारावर झुडपांतून नर बाहेर आला. दोन्ही शिंगांना चार चार टोकं. नंदूनं अंतर खुणेनं सांगितलं, एकशे चाळीस. हात स्थिर होता. खरंच स्थिर होता, डॉक्टरीण बाई बरोबर बोलली. घोडा दाबायच्या क्षणी तो एक पाऊल पुढे आला.

गोळी मागे लागली. तशीच. गेल्या वर्षीसारखीच.

तो पुढच्या पायांवर पडला, उठला, ओरडला. हरणाला असा आवाज असतो हे शरयूला माहीत नव्हतं, तिनं माझी बाही धरली. मी दांडा ओढला. खण्ण झालं, पुंगळी मागे गेली, नळी मोकळी. फेक्यानं त्याचं काम चोख केलं. मी खिशातून काडतूस काढलं आणि ते बोटांतून निसटलं. दुसरं काढलं, तोंडाशी नेलं, तिथे अडखळलं आणि तेही पडलं. तिसरं खिशातून निघेचना. बोटं खिशात होती, काडतूस त्यांना लागत होतं, पण बोटं मिटत नव्हती. नर झाडीच्या दिशेनं निघाला होता, मागचे पाय ओढत.

मी शिवी दिली. कुणाला ते ठाऊक नाही.

शरयू गुडघ्यांवर आली. सुकलेल्या पानांत हात घालून तिनं पडलेलं काडतूस उचललं आणि पुसलं. "टोक पुढे ना?" म्हणाली. मी हो म्हणायच्या आत तिनं ते आत सरकवलं आणि अंगठ्यानं दाबलं. जेवणाच्या टेबलावर मला महिनाभर करताना बघत होती तसं. म्हणाली, "संपवा. लवकर संपवा ते." मी दांडा चढवला. नर झाडीपासून दहा पावलांवर आडवा झाला होता, पुन्हा उठत होता. गोळी खांद्यामागे लागली. तो बसला आणि मग हलला नाही.

मी पुन्हा दांडा ओढला. ती म्हणाली, "आता नको," आणि डोळे पुसले.

खाली गेलो. शरयू जनावराजवळ थोडा वेळ उभी राहिली. तिनं हात लावला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. नंदू सुरी काढून कामाला लागला. तिनं बाटलीतलं पाणी हातांवर घेतलं, दोनदा घेतलं.

सगळा उन्हाळा आम्ही काढ्या की फेक्या करत भांडलो. रिकामी पुंगळी बाहेर कशी काढायची यावर मी बायकोशी, मित्राशी, बंदूकवाल्याशी वाद घातला. भरलेली आत घालायला तीच दोन बोटं लागतात हे माझ्या एवढ्या ड्रॉइंग्ज काढलेल्या डोक्यात आलं नाही. वॉल्टच्या आलं होतं. म्हणून तर पहिलीच नीट मार म्हणाला. माझ्याही आलं असावं, मी येऊ दिलं नाही.

दुपारी विन्थ्रॉपला कॉफीला थांबलो. शरयू कप हातात धरून बसली होती. मी म्हटलं, "सुटलं नाही. शब्द राहिला."

"तुमचा शब्द मी पाळलाय," ती म्हणाली.

खरं होतं, त्यामुळे भांडता आलं नाही. नंदू कपात बघत बसला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी माझी बोटं आजच्यापेक्षा वाईट असतील, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि तरी मी येणार आहे, हेही सांगून ठेवतो. ती म्हणाली, माहीत आहे, ओरडून सांगायची गरज नाही, लोक बघतात.

मग तिनं आपल्या कोटाच्या दोन्ही बाजू चाचपल्या, एकदा वर, एकदा खाली.

"याला खिसे नाहीत," म्हणाली. "पुढच्या वर्षी खिशांचा घ्यावा लागेल."